गालाचा कर्करोग आणि दिनदर्शिका : आरमोरीहून वाचलेला संयुक्त उपचारांचा इतिहास

इतिहासाच्या धाग्यांत आरमोरीचे नाव येते ते बहुधा वैरागडमुळे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त ज्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख आहे, ते वैरागड आज आरमोरी तालुक्यात मोडते. किल्ला, गोंड राजे, हिरे यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आजचा धागा मात्र याच तालुक्याच्या एका निराळ्या, अगदी अलीकडच्या इतिहासाविषयी आहे.

विषय आहे डोके व मान यांच्या कर्करोगाचा. या नावाखाली ओठ, गाल, जीभ, घसा, स्वरयंत्र हे सारे अवयव येतात. या रोगावर किरणोपचाराला शस्त्रक्रियेची आणि औषधांची जोड कशी मिळत गेली, याची कथा पॅरिस, मिशिगन, चेन्नई आणि मुंबई येथे घडली. ती सहसा नव्या औषधांच्या शोधांची मालिका म्हणून सांगितली जाते. माझे मत वेगळे आहे. ही कथा मुळात वेळेच्या हिशेबाची आहे, आणि तो हिशेब कुठे चुकतो हे पाहायचे तर वैनगंगेच्या या काठावर उभे राहावे लागते.

प्रारंभ १८९५ पासून करू. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात रोंटगेनला क्षकिरण सापडले. १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने रेडियम शोधले. पहिल्या पंचवीस वर्षांतील किरणोपचार आज वाचताना अंगावर काटा येतो. एका दमात मोठी मात्रा द्यायची, गाठ जळायची आणि तिच्यासोबत त्वचा, स्नायू, कधी जबड्याचे हाडही जळायचे. किरण प्रभावी आहेत हे साऱ्यांना दिसत होते. ते कसे द्यावेत हे कोणालाच ठाऊक नव्हते.

उत्तर मिळाले ते मेंढ्यांकडून. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लॉद रेगो यांनी मेंढ्यांच्या वृषणांवर किरणांचे प्रयोग केले. झपाट्याने विभागणाऱ्या पेशींचा तो एक सोयीचा नमुना होता. एकाच वेळी दिलेल्या मात्रेने मेंढा वंध्य करायचा तर वरची त्वचा जळून जाई. तीच मात्रा अनेक दिवसांत विभागून दिली की मेंढा वंध्य होई आणि त्वचा तगे. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी हे तत्त्व स्वरयंत्राच्या कर्करोगाला लावले आणि १९२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत त्याचे निष्कर्ष मांडले. आज मेडिकलच्या वॉर्डात ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, तो रोज थोडा थोडा, आठवड्याला पाच दिवस, सहा-सात आठवडे का द्यावा लागतो, त्याचे मूळ इथे आहे. किरणोपचार उपयुक्त ठरला तो यंत्र अधिक शक्तिशाली झाले म्हणून नव्हे. त्याला दिनदर्शिका मिळाली म्हणून.

शस्त्रक्रियेचा प्रवाह तोवर स्वतंत्रपणे वाहत होता. १९०६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज क्राइल यांनी १३२ शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तोंडातील गाठ काढताना मानेतील लसिकाग्रंथींचा सारा पट्टा एकसंध काढून टाकावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढची चाळीस-पन्नास वर्षे शल्यविशारद आणि किरणतज्ज्ञ हे जणू दोन गाद्यांचे वारस असल्यासारखे वागले. रुग्ण यांचा की त्यांचा, एवढाच प्रश्न. दोन्ही उपचार क्रमाने द्यावेत ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली, आणि तिला १९५१ मध्ये कॅनडात आलेल्या कोबाल्ट-६० च्या यंत्रांनी मोठा हात दिला. त्याचे किरण त्वचेला तुलनेने कमी भाजून खोलवर पोहोचत.

आता आपल्याकडे वळू. योगायोग असा, की ज्या १८९५ मध्ये क्षकिरण सापडले त्याच वर्षी वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म झाला. मुंबईच्या परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळा खानोलकरांनी उभी केली. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा निबंध आवर्जून लक्षात ठेवावा, कारण पाश्चात्त्य ग्रंथांत वर्णिलेला रोग आणि आपला रोग यांत फरक आहे हे त्या पिढीने असे रुग्ण मोजून दाखवले. तिकडे घसा आणि स्वरयंत्र यांचे प्राबल्य. इकडे गालाचा आतला भाग आणि हिरडी, म्हणजे नेमकी तंबाखूची चिमूट जिथे ठेवली जाते ती जागा.

हा भेद केवळ वर्णनाचा नाही, उपचाराचा आहे. घशाच्या कर्करोगात चाकू न लावता किरण आणि औषध यांच्या जोडीने आवाज वाचवता येतो. १९९१ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ३३२ रुग्णांवरील चाचणीतून दाखवले, की आधी औषधे आणि मग किरण दिल्यास सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचे स्वरयंत्र वाचते. गालाच्या कर्करोगात मात्र जबड्याचे हाड बोटभर अंतरावर असते. तेथे प्रथम शस्त्रक्रिया, नंतर किरण, आणि धोका अधिक असेल तर किरणांसोबत औषध, असा क्रम लागतो. म्हणजे आपल्या रुग्णाला तिन्ही उपचार लागण्याची शक्यता अधिक. आणि तिन्ही म्हणजे तीन तारखा, तीन रांगा आणि बरेचदा तीन वेगळ्या इमारती.

औषध आले कुठून? १९६५ मध्ये मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग हे विद्युत क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू विभागणे थांबून नुसते लांबच लांब वाढू लागले. विजेचा त्यात काही संबंध नव्हता. प्लॅटिनमच्या विद्युतध्रुवांतून झिरपलेले संयुग हे करत होते. तेच सिस्प्लॅटिन. अमेरिकेत १९७८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. किरणांनी जखमी झालेल्या पेशीला स्वतःची डागडुजी करू न देणे, हे त्याचे आपल्या कामाचे वैशिष्ट्य. स्वतंत्रपणे ते जेवढे मारते, त्याहून अधिक ते किरणांना मारू देते. म्हणून ते किरणांच्या आधी किंवा नंतर दिल्यापेक्षा किरण चालू असताना दिलेले बरे ठरले. पुन्हा प्रश्न वेळेचाच.

इथे एक गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत हवी होती, ती नाही. किरण आणि औषध एकत्र देण्याचे प्रयोग करण्यात भारत मागे नव्हता. चेन्नईच्या अड्यार येथील कर्करोग संस्थेत एस. कृष्णमूर्ती आणि व्ही. शांता यांनी १९७० च्या दशकात गालाच्या कर्करोगावर किरणांसोबत ब्लिओमायसिन देऊन तुलनात्मक चाचण्या केल्या आणि एकट्या किरणांपेक्षा जोडीचा लाभ दाखवला. तेव्हा जगातील कित्येक मोठ्या रुग्णालयांत असा विचारही धीराने मांडला जात नव्हता. शांताबाईंना पुढे मॅगसेसे आणि पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या त्या जुन्या चाचण्यांची आठवण मात्र क्वचितच निघते.

२००० मध्ये ६३ चाचण्यांतील दहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून हिशेब मांडण्यात आला. पुढे २००९ मध्ये त्यात भर पडली. निष्कर्ष असा, की किरणांसोबत औषध दिल्याने पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण साडेसहा टक्क्यांनी वाढते. वय वाढेल तसा हा लाभ घटतो, सत्तरीनंतर जवळजवळ उरत नाही. २००४ मध्ये युरोप आणि अमेरिकेतील दोन चाचण्या एकाच अंकात प्रसिद्ध झाल्या. त्यांतून शस्त्रक्रियेनंतर कोणाला तिसरी जोड द्यावी हे ठरले : कापलेल्या कडेवर रोग उरला असेल, किंवा लसिकाग्रंथीचे आवरण फोडून तो बाहेर आला असेल, तर.

साडेसहा टक्के. हा आकडा क्षणभर ध्यानात ठेवा, कारण आता याच्या उलट बाजूचा आकडा येतो.

१९८८ मध्ये रॉडनी विदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की किरणोपचार सुरू झाल्यावर साधारण चार आठवड्यांनी गाठीतील उरलेल्या पेशी अधिक वेगाने वाढू लागतात. जणू वणव्यानंतर जंगलाला फुटवा फुटावा. त्या वाढीला आवर घालण्यासाठी दिवसाला सुमारे ०.६ ग्रे एवढी जादा मात्रा लागते. रोजचा शेक सामान्यतः २ ग्रेचा असतो. म्हणजे पाचव्या-सहाव्या आठवड्यात आठ दिवसांचा खंड पडला, तर रुग्णाने पुढे सारे शेक पूर्ण केले तरी हिशेबात दोनांहून अधिक शेक वाया गेले. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत किरण सुरू व्हावेत, असा दंडक आहे. शस्त्रक्रियेच्या दिवसापासून शेवटच्या शेकापर्यंतचा काळ अकरा आठवड्यांपलीकडे जाऊ नये, हा धडाही अमेरिकेतील २००१ च्या एका अभ्यासाने दिला.

याचा प्रतिपुरावा तेवढाच बोलका आहे. डेन्मार्कच्या संशोधकांनी आठवड्यात पाचऐवजी सहा शेक दिले. मात्रा तीच, यंत्र तेच, फक्त एक दिवस जादा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात पाच वर्षांनी रोग आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण ६० टक्क्यांवरून ७० वर गेले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने हीच कल्पना विकसनशील देशांतील केंद्रांत ९०८ रुग्णांवर तपासली. तेथे ३० चे ४२ टक्के झाले. ज्या लाभासाठी कंपन्या अब्जावधी खर्चतात, तो एका शनिवारने दिला. (शनिवारचे पेटंट निघत नाही. त्यामुळे त्याची जाहिरातही होत नाही.)

आता ही दिनदर्शिका घेऊन आरमोरीला या.

येथे रोग कशाने होतो हे कोणी सांगायला नको. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेला खर्रा पूर्व विदर्भात पानठेल्यापासून बांधावरपर्यंत सर्वत्र आहे. सुपारी तंबाखूविनाही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये दिला. वर्षानुवर्षे खर्रा खाणाऱ्याच्या गालाची आतली त्वचा दोरखंडासारखी ताठ होते, तोंड दोन बोटेही उघडत नाही, आणि म्हणून आतली जखम उशिरा दिसते. २०१६ पासून गडचिरोली जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ हा दारू-तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम चालू आहे. तो हवाच. परंतु ज्याच्या गालात आज गाठ आहे, त्याला प्रतिबंधाचे भाषण देऊन भागत नाही.

त्या रुग्णाचा मार्ग पाहा. किरणोपचाराची यंत्रे नागपूरला, आरमोरीहून ब्रह्मपुरी-नागभीडमार्गे सव्वाशे किलोमीटरहून अधिक. रोज जाऊन-येऊन शेक घेणे अशक्य, म्हणून सहा-सात आठवडे तेथेच राहायचे. उपचारांचा खर्च बऱ्याच अंशी शासकीय योजनेतून भागतो. २ जुलै २०१२ रोजी तेव्हाची राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता, ही बाब नमूद करण्याजोगी आहे. आज तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. परंतु योजना शेकाचे पैसे देते. सोबत राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी देत नाही.

आणि या भागाची स्वतःची एक दिनदर्शिका आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. तेंदूपत्त्याच्या त्या दोन-तीन आठवड्यांत कित्येक कुटुंबांचे वर्षाचे रोख पैसे येतात. रोवणीचा आठवडा चुकला तर वर्ष चुकते. यंत्राची दिनदर्शिका म्हणते तेहेतीस दिवस सलग; गावाची म्हणते आठ दिवस घरी ये. रुग्ण घरी जातो. तोंडात फोड आलेले, गिळवत नाही, वजन उतरलेले, आणि तीन-चार आठवड्यांनंतर ‘आता बरे वाटते’ म्हणून, किंवा ‘आता सोसवत नाही’ म्हणून. विदर्स यांनी सांगितलेला चौथा आठवडा नेमका हाच.

त्यात वैनगंगा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने नदीला जो महापूर आला, त्यात ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली हा सारा पट्टा सापडला आणि रस्ते बंद झाले. नागपूर-नागभीड ही जुनी छोटी रेल्वे २०१९ मध्येच रुंदीकरणासाठी थांबली होती. पुरात अडकलेल्या रुग्णाला कोणी ‘उपचार सोडून पळाला’ म्हणू नये. पण कागदावर तो तसाच नोंदला जातो. रुग्णाच्या अज्ञानाला दोष देण्याची आपल्या आरोग्यव्यवस्थेची सवय मला इतिहासाची चुकीची मांडणी वाटते. पराभवाचे खापर शिपायावर फोडणाऱ्या बखरी आपण वाचल्या आहेतच.

औषधाच्या मात्रेचा वाद यातूनच समजून घेता येतो. सिस्प्लॅटिनची मूळ पद्धत दर तीन आठवड्यांनी मोठी मात्रा देण्याची : शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे १०० मिलिग्रॅम. त्यासाठी भरपूर सलाईन, धडधाकट मूत्रपिंडे आणि खाटेवरची जागा लागते. उलट्या होतात, ऐकू येणे कमी होऊ शकते. कुपोषित रुग्ण आणि भरलेले वॉर्ड पाहता भारतात अनेक ठिकाणी दर आठवड्याला ३० मिलिग्रॅमची सौम्य रीत रूढ झाली. टाटा मेमोरियलच्या वनिता नरोन्हा आणि सहकाऱ्यांनी ३०० रुग्णांवर हीच रीत तपासली आणि २०१८ मध्ये निकाल छापला : दोन वर्षांनी मूळ जागी रोग आटोक्यात असलेले रुग्ण साप्ताहिक गटात ५८.५ टक्के, तीन-आठवडी गटात ७३.१ टक्के. आपल्याच देशात रूढ असलेली सोय उणी पडते हे स्वतः सिद्ध करून जाहीर करणे, याला मी या साऱ्या इतिहासातील एक मानाचे पान समजतो.

वाद तिथे संपला नाही. २०२२ मध्ये जपानी चाचणीत दर आठवड्याला ४० मिलिग्रॅमची मात्रा तीन-आठवडी मात्रेच्या तोडीस उतरली. साप्ताहिक पद्धत वाईट नव्हती. ३० ची मात्रा अपुरी होती, असा त्याचा मला लागणारा अर्थ. आणि ज्यांच्या मूत्रपिंडांना किंवा कानांना सिस्प्लॅटिन झेपतच नाही, त्यांच्यासाठी टाटा मेमोरियलच्याच विजय पाटील, नरोन्हा, कुमार प्रभाष यांच्या गटाने ३५६ रुग्णांवर किरणांसोबत आठवड्याला डोसेटॅक्सेलची छोटी मात्रा तपासली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार दोन वर्षांनी जिवंत असणारे ४१.७ वरून ५०.८ टक्क्यांवर गेले. स्वस्त, जुने औषध, साधी सोय. साप्ताहिक औषधाचा आरमोरीच्या दृष्टीने एक मोठा गुण असा, की ते देण्यासाठी महानगरातली खाट लागत नाही. जवळ यंत्र असेल तर त्याच दिवशी तेथेच देता येते.

इथे माझे मत उघड मांडतो. पुढच्या दहा वर्षांत या दोन जिल्ह्यांतील रुग्णांचे आयुष्य कोणत्याही नव्या औषधापेक्षा अधिक वाढेल ते रोजचा शेक जवळ आल्याने. चंद्रपूरला शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागातून कर्करुग्णालय उभे राहिले आहे, गडचिरोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आहे. आरमोरीहून गडचिरोली तासाभराच्या अंतरावर आहे. शस्त्रक्रिया खुशाल नागपूर-मुंबईला व्हावी. गाल काढून मांडीच्या मांसाने तो पुन्हा घडवणे हे सराईत हातांचेच काम आहे, आणि ते गावोगाव विखुरण्याचा आग्रह मी धरणार नाही. शस्त्रक्रिया एकदा होते. शेक तेहेतीस वेळा घ्यावा लागतो. जे एकदाच आहे ते दूर चालेल. जे रोज आहे ते दूर चालत नाही.

आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्र बसवले तर ते चालवणारे किरणतज्ज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ कुठून आणणार? शिवाय साधे कोबाल्ट यंत्र लाळग्रंथींना वाचवू शकत नाही, तोंड कायमचे कोरडे पडते. ते टाळणारी आधुनिक यंत्रे महाग आहेत आणि अखंड वीज मागतात. माझे उत्तर असे : भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे देशी कोबाल्ट यंत्र नेमके कमी सोयींच्या जागांसाठीच घडवले. दोन्हींत निवड असेल तर आधुनिक यंत्र घ्यावे. परंतु निवड ‘जवळचे साधे यंत्र’ आणि ‘सव्वाशे किलोमीटरवरचे उत्तम यंत्र, मध्ये दोन खंड’ अशी असेल, तर मी पहिल्याच्या बाजूने आहे. कोरड्या तोंडाने माणूस जगतो. आणि माणसांविषयी बोलायचे तर, तज्ज्ञ तेथे येत नाहीत कारण यंत्र नाही, आणि यंत्र येत नाही कारण तज्ज्ञ नाहीत, हे चक्र कोणीतरी एका टोकाने तोडावेच लागते.

यंत्र येईपर्यंत करता येण्याजोगे एक काम स्वस्त आहे : नागपुरात रुग्ण आणि सोबती यांच्यासाठी सात आठवड्यांचा निवारा आणि सोबत्याला मजुरीची भरपाई. रोजगार हमीची कल्पना ज्या राज्यात जन्मली, तेथे हे अनाकलनीय वाटू नये.

आणि इतिहासाच्या अभ्यासकांसाठी एक विनंती. या रोगाचा स्थानिक इतिहास कोणत्याही दप्तरखान्यात नाही. तो घरोघरच्या पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीतील फायलींत आहे. घरच्यांची हरकत नसेल आणि अशी फाईल हाती आली, तर तिच्यातील तीनच तारखा, नाव न घेता, टिपून ठेवा : शस्त्रक्रियेची, पहिल्या शेकाची आणि शेवटच्या शेकाची.